विभागांच्या वेशीवर अडलेली माहिती

एका सुट्या भागाच्या ड्रॉइंगमध्ये बदल होतो. असेंब्लीत बोल्ट अडकतो अशी ग्राहकाची तक्रार आलेली असते, म्हणून भोकाचा व्यास ८.५ मिलिमीटरवरून ८.७ केला जातो. डिझाइन विभाग आपले काम चोख करतो. नवे ड्रॉइंग काढतो, पुढचा रिव्हिजन क्रमांक टाकतो, सह्या घेतो, फाइल सर्व्हरवर चढवतो. पण परचेसने गेल्याच आठवड्यात जुन्या मापाची ऑर्डर व्हेंडरला दिलेली असते. स्टोअरमध्ये जुना माल पडून असतो आणि तो आधी संपवायचा की बाजूला काढायचा, हे कोणी सांगितलेले नसते. मशीनजवळ टांगलेली प्रिंट जुनीच असते आणि क्वालिटीच्या टेबलावरचा प्लग गेजही जुनाच. मग एके दिवशी नव्या मापाचा पहिला लॉट येतो आणि क्यूसी तो जुन्या गेजने तपासून नापास करते. जुन्या मापाचा लॉट मात्र बिनबोभाट पास होऊन डिस्पॅचला जातो.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली, यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. यात कामचुकार कोणीच नाही. प्रत्येक विभागाने आपापले काम नेमाने केले आहे, तरीही कारखान्याचे नुकसान झाले आहे. ते कोणाच्या नावावर पडले ते पाहा. रिवर्कचे तास प्रॉडक्शनच्या माथी, नाकारलेला माल क्वालिटीच्या आकड्यांत, तातडीने मागवलेल्या मालाचे जादा भाडे परचेसच्या खर्चात. डिझाइनच्या मासिक अहवालात यातले काहीच नाही. तिथे ‘बदल वेळेत पूर्ण’ अशी नोंद आहे.

विभागाविभागांतल्या माहितीच्या प्रश्नाचे मूळ मला इथे दिसते. माहिती न पोचल्याचा भुर्दंड ती पोचवणाऱ्याला बसत नाही, पुढच्याला बसतो. गेल्या साठ वर्षांत या प्रश्नावर पुष्कळ अभ्यास झाला, पुष्कळ उपाय निघाले आणि अफाट पैसा खर्च झाला. हे सगळे तपासताना एकच विचारावेसे वाटते : या उपायाने तो भुर्दंड योग्य जागी गेला का?

अभ्यासकांपैकी पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श या हार्वर्डच्या दोघांचे १९६७ चे काम आजही पायाभूत आहे. प्लास्टिक, खाद्यपदार्थ आणि डबे-बाटल्या या तीन उद्योगांतल्या कंपन्या त्यांनी पाहिल्या. संशोधन विभागाचा माणूस वर्षांच्या हिशेबाने विचार करतो, प्रॉडक्शनचा शिफ्टच्या, तर विक्रीचा ग्राहकाच्या पुढच्या फोनच्या. हा फरक असायलाच हवा, असे त्यांचे म्हणणे होते. तो पुसून टाकला तर कोणतेच काम नीट होणार नाही. त्यांना आढळलेल्या यशस्वी कंपन्यांत विभाग एकमेकांपासून वेगळेही होते आणि नीट जोडलेलेही, आणि जिथे हा वेगळेपणा फार होता तिथे जोडण्याचे काम ठरावीक माणसांकडे सोपवलेले होते. आपल्याकडे ‘सगळे एक कुटुंब’ अशा भाषणांनी हा प्रश्न सुटेल असे समजणाऱ्या व्यवस्थापनांनी हे मुद्दाम वाचावे.

एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी इंजिनिअर एकमेकांशी किती वेळा बोलतात याची चक्क अंतरानुसार मोजदाद केली. १९७७ च्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष असा की टेबलांमधले अंतर वाढले की संवाद झपाट्याने घटतो आणि पन्नासेक मीटरनंतर तो जवळपास तळाला जातो. आपल्या कारखान्यांची रचना डोळ्यांसमोर आणा. गेटजवळ वातानुकूलित ऑफिस, मागे शेड, शेडच्या पलीकडे स्टोअर, आणि डिझाइनची मंडळी अनेकदा शहरातल्या दुसऱ्याच इमारतीत. रोज सकाळी मीटिंग घेऊनही ही माणसे एकमेकांना अनोळखी का राहतात, याचे निम्मे उत्तर या नकाशातच आहे.

रिबेका हेंडरसन आणि किम क्लार्क यांनी १९९० मध्ये याच्या आणखी खोलात जाऊन पाहिले. कंपनीतले बोलण्याचे मार्ग हळूहळू तिच्या उत्पादनाच्या रचनेसारखे होत जातात, असे त्यांनी दाखवले. ज्या दोन भागांचा एकमेकांशी संबंध असल्याचे पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यांचे इंजिनिअर बोलतात. ज्यांचा संबंध कोणाच्या ध्यानातच आलेला नाही, त्यांच्यात बोलण्याचा मार्गच तयार होत नाही. या निरीक्षणाचे सर्वांत भीषण उदाहरण पुढे जनरल मोटर्समध्ये दिसले.

त्या प्रकरणावर जरा थांबायला हवे, कारण माहिती कशी अडते याचे इतके तपशीलवार दप्तर दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे क्वचितच उघडे झाले असेल. शेवरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्यांमध्ये किल्ली फिरवण्याचा जो स्विच होता, तो ठरलेल्या मापदंडापेक्षा सैल होता. गुडघ्याचा धक्का लागला किंवा किल्लीला जड जुडगा असला, तरी तो चालत्या गाडीत ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकायचा. इंजिन बंद पडायचे, स्टिअरिंग जड व्हायचे आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीत या तक्रारी वर्षानुवर्षे येत होत्या. पण त्यांची नोंद ‘ग्राहकाची गैरसोय’ या सदरात झाली होती, सुरक्षिततेच्या नव्हे. स्विचची तक्रार हाताळणाऱ्यांना गाडी बंद पडते हे माहीत होते. स्विच सरकला की एअरबॅगचा वीजपुरवठाही तुटतो, हा दुवा त्यांनी जोडलेला नव्हता. एअरबॅग न उघडण्याची चौकशी करणारे वेगळे, त्यांना स्विचचा इतिहास ठाऊक नव्हता. २००७ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या एका पोलीस अधिकाऱ्याने अपघाताच्या अहवालात हे दोन धागे जोडून दाखवले होते. तो अहवाल कंपनीच्याच फायलींमध्ये पडून होता.

त्याहून बारीक आणि त्याहून गंभीर गोष्ट २००६ ची आहे. त्या वर्षी स्विचमधला दट्ट्या आणि स्प्रिंग बदलून तो घट्ट करण्यात आला. भाग बदलला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. सुट्या भागांच्या दुनियेत पार्ट नंबर हीच ओळख असते. परचेस, स्टोअर, सर्व्हिस, वॉरंटी, चौकशी अधिकारी, सगळे त्याच नंबराच्या भरवशावर चालतात. परिणामी पुढची कित्येक वर्षे कंपनीच्याच तपासनीसांना कळेना, की जुन्या गाड्यांत दिसणारा दोष नव्यांत का दिसत नाही. नंबर तोच, म्हणजे स्विच तोच, असे सगळे धरून चालले. अखेर २०१३ मध्ये, एका मृत तरुणीच्या कुटुंबाने लावलेल्या दाव्यात, वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून उघडले तेव्हा फरक बाहेर आला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

वकील अँटन वाल्युकस यांच्या चौकशी अहवालात कंपनीतल्या दोन सवयींची नोंद आहे. मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, ही एक. दुसरी म्हणजे हाताची घडी घालून दोन्ही बोटे बाजूच्यांकडे दाखवायची, ‘हे काम त्यांचे’. ही वागणूक अमेरिकेपुरती आहे असे कोणी समजू नये. आपल्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये ‘संबंधित विभागाने कार्यवाही करावी’ असे वाक्य असते, ते याच जातीचे. संबंधित विभाग म्हणजे कोण, कोणत्या तारखेपर्यंत, आणि केले नाही तर ते कोणाला दिसणार, यातले काहीच त्यात नसते.

एअरबसची गोष्ट तुलनेने थोडक्यात सांगता येते. ए३८० या महाकाय विमानाचे मागचे धड हॅम्बर्गला तयार होत होते, शेवटची जोडणी तुलूजला. जर्मन बाजू कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होती, फ्रेंच बाजू पाचवी. एका विमानात सुमारे ५०० किलोमीटर वायरिंग. धडाचे भाग तुलूजला पोचल्यावर तारांचे जुडगे ठरल्या जागी बसेनात, कुठे वळणावर तोकडे पडू लागले. हॅम्बर्गहून शेकडो तंत्रज्ञ तुलूजला नेऊन हाताने तारा बसवाव्या लागल्या. २००६ मध्ये मूळ कंपनीच्या समभागाची किंमत एका दिवसात सुमारे पाव हिश्शाने कोसळली, वरिष्ठांना पायउतार व्हावे लागले आणि पहिले विमान सुमारे दोन वर्षे उशिरा, ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले. दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारणे सोपे आहे. पण आवृत्त्या वेगळ्या राहिल्या कारण आपापल्या देशातल्या प्लान्टची सोय सगळ्यांनी आधी पाहिली, आणि एकच आवृत्ती लागू करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे व जो तो वापरील, असा माणूस तिथे नव्हता.

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे, तर उपायांच्या यादीत पहिला मान त्यालाच दिला जातो. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६४ च्या सुमारास घडवलेल्या एमआरपीपासून (मालाच्या गरजेचे नियोजन) आजच्या ईआरपीपर्यंत (सगळ्या विभागांचे एकत्रित सॉफ्टवेअर) कल्पना एकच : ऑर्डर, बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी), साठा आणि खरेदी एकाच वहीत असावी. कल्पना उत्तम आहे आणि तिने उद्योगाचे खरे भले केले. पण त्या वहीत तेवढेच येते जेवढे कोणीतरी लिहिते. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये नवी यंत्रणा ऐन हॅलोविनच्या हंगामाआधी सुरू केली. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत, आणि माल नव्हता असेही नाही. हंगामाच्या गर्दीत जादा माल इकडेतिकडे ठेवण्याची तिथे जुनी रीत होती. त्या जागा माणसांना ठाऊक होत्या, यंत्रणेला नव्हत्या.

आपल्याकडे हेच रोज घडते, छोट्या प्रमाणात. स्टोअरकीपर मटेरियल आले की लगेच जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करत नाही, कारण क्यूसीचा शिक्का नाही. प्रॉडक्शनचा सुपरवायझर लाइन थांबू नये म्हणून तोंडी सांगून माल उचलतो. ईआरपीमध्ये साठा शून्य दिसतो, परचेस आणखी मागवते. महिनाअखेरीस ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’ची एक एंट्री टाकून सगळे मिटवले जाते. मग पीपीसीचा (उत्पादन नियोजनाचा) माणूस यंत्रणेवर विश्वास ठेवायचे सोडतो आणि स्वतःची एक्सेल शीट उघडतो. प्रत्येक विभागाची अशी एक्सेल तयार झाली की ईआरपी फक्त ऑडिटरला दाखवण्यापुरती उरते. मला वाटते, कारखान्यात किती खासगी एक्सेल शीट चालतात याची व्यवस्थापनाने दर सहा महिन्यांनी गणती करावी. माहितीच्या तब्येतीचा याहून खरा अहवाल कोणताही सल्लागार देणार नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप हा अलीकडचा सर्वांत लोकप्रिय उपाय. त्याला नावे ठेवणे मला पटत नाही. तुटलेल्या टूलचा फोटो दोन मिनिटांत टूलरूमपर्यंत जातो, ही फार मोठी सोय आहे. पण ग्रुपवर टाकले म्हणजे सांगितले, असा समज रूढ झाला. निळी खूण दिसली म्हणून ड्रॉइंग बदलल्याची पोच धरता येत नाही. बातमी तिथे द्यावी. निर्णय आणि मापे मात्र नोंदीत जायलाच हवीत.

माणसे एकत्र बसवण्याच्या उपायांना जास्त यश आलेले दिसते. किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी १९९१ मध्ये वीस मोटार कंपन्यांचे २९ प्रकल्प तपासले. ज्या कंपन्यांनी एका प्रकल्पप्रमुखाला संकल्पनेपासून बाजारापर्यंत सर्व विभागांवर वजन दिले, त्या वेगवान आणि सरस ठरल्या. टोयोटाची पहिली प्रियस याच वळणाने गेली. तिचे प्रमुख ताकेशी उचियामादा यांनी याआधी कधी एखाद्या गाडीची पूर्ण जबाबदारी घेतली नव्हती. प्रत्येक विषयाचे उत्तर आपल्याजवळ नाही हे ओळखून त्यांनी सगळ्या विभागांच्या तज्ज्ञांना एका मोठ्या खोलीत आणले. भिंतींवर वेळापत्रके, आराखडे, अडचणी. निर्णय तिथेच, सर्वांसमोर. ‘ओबेया’ नावाने ही पद्धत पुढे टोयोटात रुजली आणि गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानी बाजारात आली.

महाराष्ट्रातले याच्या जवळचे उदाहरण नाशिकचे. महिंद्राने स्कॉर्पिओ घडवताना डिझाइन, उत्पादन, खरेदी, मार्केटिंग, वित्त यांतली माणसे एकत्र आणून संयुक्त गट केले आणि पुरवठादारांनाही सुरुवातीपासून सामील करून घेतले. जून २००२ मध्ये आलेल्या त्या गाडीने कंपनीची जातकुळीच बदलली. पुढच्याच वर्षी महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने गुणवत्तेचे डेमिंग पारितोषिक मिळवले. १९९८ मध्ये तमिळनाडूतल्या सुंदरम-क्लेटनने ते भारतात प्रथम आणले होते. या पारितोषिकाच्या तयारीत सगळ्या विभागांना छेदून जाणारे उद्दिष्ट ठरवावे लागते, आणि तिथे खाते-खात्याची ढाल चालत नाही.

ज्यांच्या नावे ते पारितोषिक आहे त्या डेमिंग यांनी १९८६ मध्ये आपली १४ सूत्रे मांडली. विभागांमधल्या भिंती पाडा हे नववे, आणि त्याच्या लगेच आधी, आठवे : भीती घालवा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. वाईट बातमी देणाऱ्यालाच सकाळच्या मीटिंगमध्ये उभे करून झापले, तर पुढच्या वेळी बातमी उशिरा येते किंवा गोडगोड होऊन येते. आणि विभागवार टार्गेटचे काय? परचेसला किंमत कमी केल्याचे बक्षीस, प्रॉडक्शनला नगांचे, क्वालिटीला रिजेक्शन कमी दाखवल्याचे. स्वस्त कास्टिंग आणल्याबद्दल परचेसचे कौतुक होते आणि त्यातल्या सच्छिद्रतेने मशीन शॉपची टूल्स तुटतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना आणि त्यांच्या ग्राहकांना हे वेगळे सांगायला नको. एकाची बक्षिसी दुसऱ्याच्या खर्चातून दिली जात असताना माहिती मोकळी होईल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. दोन विभागांना मिळून एक आकडा द्यावा. परचेसच्या किमतीत त्या मालामुळे झालेला रिवर्क मिळवावा. डिझाइनच्या अहवालात, बदल किती झाले यासोबत, प्रत्येक बदल शेवटच्या मशीनपर्यंत पोचायला किती दिवस लागले आणि मधल्या काळात किती माल वाया गेला, हे यावे. सुरुवातीच्या त्या ८.७ मिलिमीटरच्या भोकाला एवढा एक रकाना पुरला असता.

शिफ्ट हीसुद्धा एक वेस आहे, याचा अनेकांना विसर पडतो. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ जण मेले. रात्रपाळीने मनोऱ्यात द्रव भरून ठेवला होता; नोंदवहीत त्याबद्दल जेमतेम एक ओळ होती आणि दिवसपाळीला पुरेसे चित्र मिळाले नाही. एकाच विभागातली, एकाच यंत्रावरची माणसे, पण घड्याळाने वेगळी केलेली. आपल्या कारखान्यांत पाळी बदलताना बस पकडायची घाई असते. दोन्ही पाळ्यांचा दहा-पंधरा मिनिटांचा सामायिक वेळ पगारी धरला तर मशीनजवळ उभे राहून हँडओव्हर होतो. तो पगारी धरला जात नाही, म्हणून होत नाही.

छोट्या कारखान्यांचा प्रश्न निराळा आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर राज्यभर जी हजारो युनिट उभी राहिली, त्यांतल्या बहुतेकांत माहितीची यंत्रणा म्हणजे मालक. तीस-चाळीस माणसे असेपर्यंत हे झकास चालते. कुठला माल कुठे अडला, कुठल्या गिऱ्हाइकाने काय बदल सांगितला, सगळे त्याच्या डोक्यात. दुसरे शेड घेतले, माणसे दीडशे झाली, मुलगा इंजिनिअर होऊन आला, की हीच पद्धत गळ्याशी येते. या टप्प्यावर लगेच लाखोंची ईआरपी घेण्याआधी तीन साध्या गोष्टी बसवता येतात. बदल झाला की जुनी प्रिंट गोळा करून त्यावर शिक्का मारणारा एक नेमका माणूस. जुन्या साठ्याचे काय करायचे हे बदलाच्या नोटवरच लिहिण्याची सक्ती. आणि माप किंवा बसवणी बदलली की पार्ट नंबर बदलायचाच, हा नियम. तिसऱ्याला खर्च शून्य आहे, आणि तो न पाळल्याची किंमत जनरल मोटर्सच्या ग्राहकांनी मोजली.

एक भाग मात्र या साऱ्या चर्चेत अजून जवळजवळ कोराच आहे. माहिती वरून खाली आणि आडवी कशी जावी यावर ग्रंथ झाले. मशीनवरून डिझाइनपर्यंत ती कशी चढावी यावर आपल्याकडे फार थोडे काम झाले. शेडमधला मोठा वर्ग आज कंत्राटी किंवा शिकाऊ आहे. फिक्स्चर ढिले झाले, बार नेहमीपेक्षा कडक लागतोय, हे त्याला सर्वांत आधी कळते. त्याला ईआरपीचा लॉगिन नाही, यंत्रणेची भाषा इंग्रजी, सुपरवायझरची मराठी, आणि त्याची भोजपुरी, उडिया किंवा हिंदी. काही महिन्यांत तो दुसऱ्या गेटवर असणार, म्हणून त्याचे निरीक्षण नोंदवण्याची तसदी कोणी घेत नाही. टोयोटाने कामगाराच्या हाती लाइन थांबवण्याची दोरी दिली, तेव्हा त्याच्या बोलण्याला उत्पादनाइतकेच वजन दिले. आपल्याकडे मशीनजवळ एक वही असावी, ज्याला जी भाषा येते तीत त्याने लिहावे किंवा फोनवर बोलून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशीच्या त्याच पाळीत त्याला उत्तर मिळावे : पाहिले, हे केले, किंवा हे का केले नाही. उत्तर देणाऱ्याचे नाव त्या वहीत, त्याच ओळीत असावे.